लिफ्टच्या खड्ड्यावरचा पाट

पळसुल्यांच्या घराण्यात माणूस पडला, की आधी तो कुणाच्या हद्दीत पडला ते बघतात, आणि मग लागलं का ते विचारतात. दिगंबररावांचे वडील पुण्याच्या कसब्यात राहायचे, तेव्हा एकदा स्वतःच्या ओट्यावरून घसरून शेजाऱ्याच्या पायरीवर पडले होते. पाय घरचे, डोकं शेजाऱ्याकडे. दोन्ही घरांतली माणसं धावली, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. "आधी ठरवा, मी कुणाकडे पडलोय," असं म्हणून ते तिथेच आडवे राहिले. दुपारचा चहासुद्धा त्यांनी आडव्यानेच घेतला, अर्धा कप या घरचा आणि अर्धा त्या. खोटं वाटत असेल तर कसब्यात जाऊन विचारा. अर्थात आता सांगणारं कुणी उरलेलं नाही, हे आमच्या पथ्यावरच आहे.

तेव्हा अधिक महिन्यातल्या त्या रविवारी, दिगंबररावांच्या कर्वेनगरच्या बंगल्यात, पाय धुता धुता जावई जमिनीखाली गेला, तेव्हा मंडळी फारशी गांगरली नाहीत. घराण्याला सवय होती.

आता भर हॉलमध्ये जमिनीत खड्डा कशाला, तर त्याचं कारण वरच्या मजल्यावर बसलेलं होतं.

दिगंबररावांच्या पत्नी वेणूबाई दिवाळीपासून खाली उतरल्या नव्हत्या. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. सपाटीवर काठी घेऊन त्या चालत, पण जिना डॉक्टरांनी बंद केला होता. संक्रांतीला दिगंबरराव आणि त्यांचे धाकटे भाऊ रावसाहेब या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायचा घाट घातला होता. दिगंबरराव पुढे, रावसाहेब मागे. जिन्याच्या वळणावर 'वजन माझ्याकडे जास्त येतंय' असा वाद निघाला, तो बघता बघता तत्त्वाचा झाला, आणि तत्त्वाचा वाद हातात खुर्ची धरून करता येत नाही म्हणून दोघांनी वेणूबाईंना पायरीवर टेकवलं. त्या तिथे दिवेलागणीपर्यंत होत्या. शेवटी समोरच्या दुकानातली दोन माणसं आली आणि त्यांना परत वर ठेवून गेली, कारण त्यांच्या मते वरचा मजला जवळ होता.

"पळसुल्यांच्या खांद्यावरून मी आता एकदाच जाईन," वेणूबाई त्या दिवशी म्हणाल्या, "आणि तेव्हा तुमचं भांडण मला ऐकू येणार नाही."

म्हणून लिफ्ट. आणि लिफ्ट म्हटल्यावर कंत्राट बाहेर कशाला द्यायचं? लेक उल्का हिचा नवरा राजस खांबेटे घरगुती लिफ्टचीच कामं घ्यायचा. कागदबिगद काही केला नाही. घरच्या माणसाशी कसला कागद? होळीच्या सुमाराला राजसरावांच्या माणसांनी हॉलच्या कोपऱ्यात छातीएवढा खड्डा खणला, त्याच्या बरोब्बर वर स्लॅबला चौकोनी भोक पाडलं, भोकाच्या कडेला बांबूचा कठडा बांधला, खड्ड्यावर प्लायवूड टाकलं आणि ती निघून गेली. तेव्हापासून मोटर निघालेली होती. कुठून निघाली, कुणी सांगत नव्हतं. वेणूबाई म्हणायच्या, "चालत निघाली असती तरी एव्हाना पोचली असती. माझ्यासारखे गुडघे आहेत वाटतं तिचे."

त्यात अधिक महिना लागला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. वेणूबाईंनी वरून निरोप पाठवला, "पाय धुवायचा मान सासूचा. मी वरून पाणी घालीन. पण मला दिसलं पाहिजे."

वरून दिसणारी जागा सगळ्या घरात एकच होती. भोकाच्या खाली. खड्ड्यावर.

"तिथे पाट मांडायचा?" उल्का म्हणाली. "बाबा, खाली खड्डा आहे."

"तुझ्या नवऱ्यानेच सांगितलंय, या प्लायवर हत्ती उभा राहील," दिगंबरराव म्हणाले. "हत्ती कुठे येतोय? जावईच येतोय."

पाट मांडला, समोर ताट वाढलं, भोवती रांगोळी काढली. राजसराव रेशमी कद नेसून पाटावर बसले. वरून वेणूबाईंनी पातेल्यातून पाणी सोडलं, त्यातलं निम्मं जावयाच्या डोक्यावर आणि निम्मं प्लायवर गेलं, पायांना काही लागलं नाही. म्हणून दिगंबरराव ताम्हन आणि पंचा घेऊन वाकले आणि त्यांनी एक पाय प्लायवर ठेवला. प्लाय एकदा कण्हलं. मग मधोमध दुमडलं, आणि राजसराव पाटासकट, मांडी न मोडता, सरळ खाली गेले. ताट त्यांच्या मागोमाग गेलं आणि समोर जाऊन बसलं. आमरसाची वाटी एक थेंब न सांडता पोचली, असं उल्का आजही शपथेवर सांगते. फक्त उजवा घोटा मांडीखाली वाकडा सापडला होता, तो तेवढ्यात लिंबाएवढा सुजला.

"अरे देवा! राजस!" उल्का किंचाळली आणि कडेला बसून तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" मागून रावसाहेब गरजले.

रावसाहेबांनी उभी हयात कोर्टात शिरस्तेदारी केली होती. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे प्रकरण असं आलंच नव्हतं. ते तोंडातला अनारसा घाईघाईने गिळून खड्ड्यापाशी आले.

"कुणी कशाला हात लावू नका. सगळं आहे तसं राहू द्या. पंचनामा व्हायचाय."

"अहो काका, मला आधी बाहेर तर काढा," खड्ड्यातून आवाज आला.

"बाहेर काढलं की पुरावा गेला. राजसराव, तुम्हीच पुरावा आहात. हलू नका."

"पुरावा कसला?" दिगंबरराव म्हणाले. ताम्हन अजून त्यांच्या हातात होतं.

"दादा, तुझ्या आवारात, तुझ्या निमंत्रणावरून आलेला माणूस, तू मांडलेल्या पाटावरून पडला. जागेच्या मालकाची जबाबदारी असते. येणाऱ्याला धोका दिसत नसेल तर मालकाने तो सांगायचा असतो. तू सांगितलास?"

"खड्डा त्यानेच खणलाय! ज्याने खणला त्याला मी काय सांगू, खाली खड्डा आहे म्हणून?"

रावसाहेबांना दादाचा चेहरा असा पडलेला बघून बरं वाटलं. बंगल्याच्या जागेत वडिलांचे पैसे होते, म्हणून अर्धा बंगला आपला, असं ते गेली वीस वर्षं म्हणत होते, आणि 'वीतभरही नाही' असं दादा गेली वीस वर्षं म्हणत होता. आज तो मालकपणा दादाच्या गळ्यात घट्ट बसवायची संधी आली होती.

"मग प्रश्न असा," ते खड्ड्यात वाकून म्हणाले, "राजसराव, नीट आठवून सांगा. पडताना तुम्ही जावई होता की कंत्राटदार?"

"पडताना मी घाबरलेला होतो."

"त्याच्या आधी?"

राजसराव आधी उत्तर देणार होते, मग थांबले. खड्ड्याच्या तळाशी गारवा होता. वर तीन चेहरे होते, आणि त्यांच्याही वर, स्लॅबच्या भोकातून, आकाशातल्या देवीसारखा सासूबाईंचा चेहरा खाली बघत होता. घोटा ठणकत होता. पण त्या ठणक्यातून त्यांना हळूहळू उजाडायला लागलं. चार ठिकाणी कामं घेऊन ठेवलेला कंत्राटदार ज्या गोष्टीसाठी नवस बोलतो, ती आपोआप समोर आली होती. अपघाताची जागा. चौकशी. म्हणजे काम बंद, आणि आपला दोष नाही.

"जावई," ते ठामपणे म्हणाले. "मी आज शंभर टक्के जावई म्हणून आलोय. कद बघा."

"उत्तम!" रावसाहेब म्हणाले. "मग निर्णय लागेपर्यंत इथलं काम बंद. खड्ड्याला, भोकाला, कशालाच हात लावायचा नाही."

वरून आवाज आला. "भावजी, निर्णय किती दिवसांत लागतो?"

"वहिनी, प्रकरणावर असतं. माझ्या नोकरीत सगळ्यात झटपट लागलेला निर्णय बारा वर्षांत लागला होता. तोही दोन्ही पक्षकार वारले म्हणून."

वर वेणूबाई कठड्याशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. या भोकातून त्यांना गेले अडीच महिने खालचा एक चौकोन दिसत होता. त्या चौकोनातून कधी दिगंबररावांचं टक्कल जायचं, कधी कामवालीचा केरसुणी धरलेला हात. दार दिसायचं नाही. फाटक दिसायचं नाही. गल्लीतून कोण चाललंय ते आवाजावरून ओळखायचं. बारा वर्षं, असं त्यांनी मनाशी एकदा म्हणून बघितलं.

"राजसराव," त्या म्हणाल्या, "जेवून घ्या. धोंडे गार होतील."

हे मात्र सगळ्यांना पटलं. पाटावर बसलेल्या जावयाला उपाशी ठेवायचं नाही यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. मग दिगंबररावांनी वाकून खड्ड्यात वाढायला सुरुवात केली. तूप वेणूबाईंनी वरूनच सोडलं, दोरीला तांब्या बांधून. तो मधल्या उंचीवर आल्यावर रावसाहेबांनी जाता जाता स्वतःच्या पानावर थोडं ओतून घेतलं. पंगत बसली: दोघे भाऊ खड्ड्याच्या काठाला, जावई तळाला.

"मला एक सांगा," घास घेत दिगंबरराव म्हणाले, "हत्ती उभा राहील असं कोण म्हणालं होतं?"

"टेकू असताना म्हणालो होतो, बाबा. प्लायच्या खाली मी चार टेकू लावले होते. इथे एकही नाही! टेकू कुठे गेले?"

दिगंबरराव पाणी प्यायले. बराच वेळ प्यायले.

"गच्चीवर," उल्का म्हणाली. "कुरडया वाळत घालायला जाळी बांधायची होती. बाबांनी काढून नेले."

"कुरडया कुणाला हव्या होत्या?" दिगंबररावांनी वर बोट दाखवलं.

"मला हव्या होत्या," वरून आवाज आला. "मी टेकू नाही मागितले. काठ्या मागितल्या होत्या. बाहेर पडता येत असतं तर मीच आणल्या असत्या."

"बघितलंत!" राजसराव खालून म्हणाले. "आणि उल्कालाही माहीत होतं. तरी ती बोलली नाही. मालकाच्या घरातली व्यक्ती, धोका ठाऊक असून गप्प. काका, हे लिहून घ्या."

उल्का इतका वेळ नवऱ्यासाठी बर्फ फोडत होती. तिचा हात थांबला.

"मी मालकाच्या घरातली? लग्नाला अकरा वर्षं झाली, राजस. तुझ्या घरी गेले की तुझी आई मला 'पळसुल्यांची' म्हणते, आणि इथे तू म्हणतोस. मी खांबेट्यांची कधी होणार ते एकदा सांग, म्हणजे त्या तारखेचा केक आणून ठेवते." आणि फोडलेला बर्फ तिने वडिलांच्या ताकात टाकला.

दिगंबररावांना ते ताक फार गोड लागलं. लेक आपल्या बाजूला आली म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो असा पडला की त्यांनी पान बाजूला सारलं.

"रावसाहेब, मालक जबाबदार म्हणालास ना? समजा, मालक एकापेक्षा जास्त असले तर?"

"जितके असतील तितके सगळे. सारखे जबाबदार."

"मग तू वीस वर्षं जे म्हणतोयस, ते मला आज पटलं." दिगंबररावांनी डावा हात भावाच्या खांद्यावर ठेवला. "अर्धा बंगला तुझा."

असा सन्नाटा त्या घरात पूर्वी कधी पसरला नव्हता. गल्लीतला भाजीवालासुद्धा ओरडायचा थांबला, असं म्हणतात.

"दादा," रावसाहेब जरा वेळाने म्हणाले, "बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो. मी इथे पाहुणा आहे."

"पाहुणा कसला! तुझं घर आहे. हक्काने बस."

"माझा एक वीतभरही हक्क नाही. हे तूच म्हणाला होतास, आणि मोठ्या भावाचा शब्द मी मोडणार नाही."

"रावसाहेब, वडिलांचे पैसे होते यात!"

"कुणी सांगितलं? पुरावा काय? आणि होते असले तरी मी मागितली होती ती मागची बाजू. खड्डा हॉलमध्ये आहे. हॉल तुझा."

"हॉलचा हा कोपरा मागच्या बाजूतच मोडतो. मोज हवं तर!"

"मोजाच," खड्ड्यातून राजसराव म्हणाले. त्यांना भांडण लांबावं असंच वाटत होतं. कदाच्या ओच्यातून त्यांनी मोजायची टेप काढली आणि वर धरली.

रावसाहेबांनी टेप घेतली नाही. ते टेपकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू मघाचं तेज परत आलं.

"राजसराव, ही काय?"

"टेप."

"जेवायला आलेला नारायण ओच्यात टेप ठेवतो? शंख, चक्र, गदा ऐकलं होतं. दादा, मी माझं मत मागे घेतो. हा मनुष्य कंत्राटदार म्हणूनच आलाय. काम चालू असलेली जागा कंत्राटदाराच्या ताब्यात. पडला तर त्याचा तोच जबाबदार. मालकाचा काही संबंध नाही. एकाही मालकाचा."

"वा!" दिगंबरराव म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा दोघे भाऊ एका बाजूला बसले होते, आणि त्या आनंदात दिगंबररावांनी भावाला आग्रह करून अजून एक धोंडा वाढला.

राजसराव एकटे पडले. सासरे गेले, काका गेले, बायको आधीच गेली होती. अशा वेळी कंत्राटदार जे करतो, तेच त्यांनी केलं.

"प्लाय मी टाकलं नव्हतं," ते म्हणाले. "बद्रीनाथने टाकलं होतं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. बद्रीनाथ! हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बद्रीनाथ राजसरावांचा मिस्त्री. तो वर्ध्याकडचा, घरचा नाही, नात्यातला नाही, आणि समोरही नाही. दिगंबरराव म्हणाले, मला वाटलंच होतं. रावसाहेब म्हणाले, मूळ जबाबदारी काम करणाऱ्याचीच. सासरा, जावई आणि काका असे तिघे एका क्षणात इतके एकजीव झाले, की एखाद्या लग्नात फोटो काढावा. राजसरावांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"बद्री, पळसुल्यांकडे तू प्लाय कसलं टाकलं होतंस?"

"कायले साहेब, का झालं?" मागून ड्रिलचा आवाज येत होता. "चांगलं जाड व्हतं ना. खाली चार टेकू लावले म्या. त्या काकाले सांगतलं बी, हे काढू नोका म्हणून. ते म्हणे, आमी का लहान पोरं हाओ का."

दिगंबररावांनी छताकडे बघितलं. छताला तिथे भोक असल्यामुळे त्यांना वेणूबाई दिसल्या. त्यांनी नजर वळवली.

"ते राहू दे," राजसराव घाईने म्हणाले. "तू आत्ता कुठे आहेस?"

"बुधवार पेठेत, साहेब. त्या दुकानवाल्या शेटकडं. इथं चालू करून पाह्यली, एकदम मख्खन चालते."

"काय चालते?"

"मोटर ना! पळसुले काकूची मोटर. मागच्या महिन्यात आली व्हती, तं तुमीच म्हटलं का बुधवारात लावून टाक, शेट लय बोंबलते, सासूबाई का घरच्याच हायेत, थांबतीन. शिडी घेऊन येऊ का इकडं? का झालं का?"

राजसरावांनी स्पीकर बंद केला. आता बंद करून उपयोग नव्हता.

खड्ड्यात ते एकटेच खाली बघत बसले. उल्काने वाणाचं ताट उचललं, एक एक अनारसा मोजल्यासारखा बघितला आणि ताट आत ठेवून आली. दिगंबररावांना काय म्हणावं सुचेना. रावसाहेबांना सुचलं होतं, पण त्यात कलम लागत नव्हतं.

सगळे वर बघायला लागले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वहिनी?" रावसाहेब म्हणाले.

"राजसराव," वेणूबाईंचा आवाज आला, अगदी मऊ. "पाय दुखत असेल ना फार? तुम्हाला बाहेर काढायला हवं. इथे वर तुमच्या माणसांनी कप्पी टांगून ठेवली आहे, सामान चढवायची. दोर सोडते खाली. त्याच्या टोकाला पट्टा आहे, तो काखेखालून घट्ट बांधा."

"आई, तुम्ही नका त्रास घेऊ. बाबा आणि काका खेचतील—"

"ते दोघं? त्यांना मी ओळखते. बांधा तुम्ही."

दोर खाली आला. कंत्राटदाराचाच दोर, कंत्राटदाराचाच पट्टा. राजसरावांनी तो स्वतःच्या हाताने, व्यवस्थित गाठ मारून बांधला. या प्रकरणात नीट झालेलं काम म्हणजे तेवढं एकच.

वर वेणूबाईंनी दोराचं दुसरं टोक आपल्या वेताच्या खुर्चीच्या दोन्ही हातांतून ओवलं. गाठी त्यांनी तीन मारल्या. दिवाळीपासून वर बसून त्या नुसत्या जेवत आणि विणत होत्या, त्यामुळे गाठी पक्क्या होत्या आणि वजनही. राजसराव मात्र गेलं वर्षभर रात्री फक्त काकडी खायचे. वेणूबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली, कठड्याचा बांबू बाजूला केला, आणि पायाने जमीन मागे ढकलली.

"आई!" उल्काच्या तोंडून एवढंच निघालं.

कप्पी गंजलेली होती म्हणूनच ही गोष्ट सांगायला सगळे जिवंत आहेत. कर्र कर्र करत वेणूबाई भोकातून खाली यायला लागल्या. इतक्या सावकाश, की अर्ध्या वाटेत त्यांनी पदर सारखा केला. आणि तेवढ्याच सावकाश, रेशमी कदातले राजसराव खड्ड्यातून वर यायला लागले. मध्यावर सासू आणि जावई समोरासमोर आले.

"बरे आहात ना?" वेणूबाईंनी विचारलं.

"आई, प्लीज," राजसराव म्हणाले, आणि वर गेले.

खुर्ची खड्ड्याच्या काठावर, हॉलच्या फरशीवर टेकली. उल्काने ती धरली आणि आत ओढून घेतली. वेणूबाईंचे पाय दिवाळीनंतर पहिल्यांदा खालच्या फरशीला लागले. फरशी गार होती. त्यांनी अंगठ्याने ती जरा चाचपून बघितली. आणि राजसराव दोन मजल्यांच्या मध्ये, ना वर ना खाली, पंख्यासारखे लटकत राहिले. खाली उघडा खड्डा होता.

"आई, आता उठू नका हं," राजसराव वरून म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही उठलात तर मी खाली."

"हो का? असं होतं होय," वेणूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत आरामात बसल्या. "मोटर कधी येतेय, राजसराव?"

"पुढच्या आठव—"

वेणूबाई काठीवर जोर देऊन किंचित उठल्या. राजसराव किंचित खाली आले.

"उद्या! उद्या सकाळी! बुधवारातली काढून आणतो!"

"शेटची नका काढू, बिचारा इतके दिवस ओरडत होता. दुसरी आणा. आणि पाय बरा होईपर्यंत तुम्ही वरच्या मजल्यावर राहायचं. खाटेवर पडून राहा, भोकातून लक्ष ठेवता येतं कामावर. छान दिसतं."

"वेणू, अगं पण जबाबदारी कुणाची ते अजून—" दिगंबररावांनी सुरुवात केली.

"ते ठरवा ना. मी कुठे नको म्हणतेय? पण तुमच्यापैकी कुणीतरी इथे येऊन बसा. मला उठायचंय."

दिगंबरराव बसायला गेले. पण ते काटकुळे. ते हळूच मांडीवर टेकले आणि वेणूबाई सरकल्या, तर खुर्ची उचलली गेली आणि जावई ओरडला.

"एकट्याने होत नाही," उल्का म्हणाली. "काका, तुम्हीपण बसा."

"मी? माझा या घराशी—"

"काका!" वरून राजसराव किंचाळले. "अर्धा बंगला तुमचा! बसा हो!"

मग त्या वेताच्या खुर्चीत, हाताला हात आणि कुल्ल्याला कुल्ला घासत, दोघे भाऊ एकदम बसले. दोर ताणला, खुर्ची स्थिर झाली. उल्काने फोन करून बोलावल्यावर बद्रीनाथ शिडी घेऊन बुधवारातून निघाला होता, पण रविवारच्या गर्दीत त्याला यायला वेळ लागणार होता.

वेणूबाई काठी टेकत दारापर्यंत गेल्या. त्यांच्या चपला वर राहिल्या होत्या. दाराशी दिगंबररावांच्या होत्या, त्या त्यांनी पायात सरकवल्या. फाटक उघडायला जरा जड गेलं. गल्लीत ऊन होतं, समोरच्या बंगल्याला कुणीतरी भलताच हिरवा रंग दिला होता, आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या त्या हिरव्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पलीकडच्या घरातली सुरुची भाजी घेऊन येत होती. ती जागीच थांबली.

"अय्या, वेणूकाकू! खाली? लिफ्ट झाली वाटतं?"

"माझ्यापुरती झाली."

"मग काका कुठे आहेत? एकट्याच निघालात?"

"ते आणि भावजी बसलेत आत, एकाच खुर्चीत," वेणूबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदा कामाचे बसलेत, त्यांना हलवू नकोस. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येते."

आणि कोपरा आला तरी त्या मागे फिरल्या नाहीत.